९ वर्षांच्या मुलाचा आळशी डोळा आता सुधारेल का? मोठेपणीही मेंदूत नव्या पेशी तयार होतात म्हणतात, त्याचा उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय की शाळेत आरबीएसकेचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला, तेव्हा कळलं की मुलाला डाव्या डोळ्याने ६/३६ एवढंच दिसतं, म्हणजे चांगल्या नजरेला ३६ मीटरवरून दिसतं ते त्याला ६ मीटरवरून दिसतं. उजवा डोळा उत्तम असल्यामुळे घरात कुणाला शंकाही आली नाही. मग नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की सात वर्षांनंतर मेंदू पक्का होतो, आता काही होत नाही. आणि त्याच रात्री तुम्ही मोबाइलवर वाचलंत की मेंदूत आयुष्यभर नव्या पेशी तयार होत राहतात. यातलं खरं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी उत्तर सांगते. उपचार सुरू करा, याच आठवड्यात. नऊ म्हणजे उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. फक्त आशा नव्या पेशींवर ठेवू नका. मुलाच्या मेंदूत आज ज्या पेशी आहेत, त्यांच्याच जोडण्या बदलायच्या आहेत.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी आहे. सतरा वर्षं मिरजेत बहुतेक लहान मुलांचेच डोळे तपासते. माझा स्वतःचा उजवा डोळा आळशी आहे, आणि तो कळला अकराव्या वर्षी. त्या वेळी ज्यांना दाखवलं त्यांनी ‘आता वय निघून गेलं’ एवढं सांगून चष्मा हातात दिला. चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावणाऱ्या पट्टीचा विषयसुद्धा निघाला नाही. आज त्या डोळ्याने मला ६/२४ च्या ओळीपुढे वाचता येत नाही. त्यामुळे ‘सातनंतर काही होत नाही’ हे वाक्य कुणी आईबापांना सांगितलं की मला राहवत नाही.

आळशी डोळा हे नाव फसवं आहे. अशा बहुतेक मुलांची बाहुली, भिंग, मागचा पडदा सगळं ठीक असतं. अडचण असते ती डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दोन्ही डोळ्यांकडून येणारा संदेश पहिल्यांदा एकत्र येतो. मेंदूच्या त्या भागात दोन्ही डोळ्यांच्या तारा एकमेकींशी चढाओढ करत असतात. आमच्या भागात एका विहिरीवर दोन भावांच्या पाळ्या असतात ना, तसं समजा. एकाची पाळी कायम चुकत गेली तर दुसऱ्याचा पाट रुंद होत जातो आणि पहिल्याच्या पाटात गाळ साचून गवत उगवतं. विहिरीला पाणी असतं, रानही चांगलं असतं, पण पाणी तिथवर पोचत नाही. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, डोळा तिरळा असेल किंवा जन्मतः मोतीबिंदू असेल, तर त्या डोळ्याकडून मेंदूला धूसर किंवा न जुळणारं चित्र मिळत राहतं, आणि मेंदू हळूहळू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. तुमच्या मुलाचा तिरळेपणा तुम्ही लिहिलेला नाही, त्यामुळे बहुधा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असावा. अशा मुलांचं निदान सगळ्यात उशिरा होतं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

हे कळलं मांजरीच्या पिल्लांवरून. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. पापणी उघडली तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्याच डोळ्याच्या झाल्या होत्या. हेच मोठ्या मांजरावर केलं तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे मेंदूच्या घडणीत एक काळ असा असतो की जे दिसेल त्यावर रचना ठरते. या कामासाठी दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्या नातेवाइकांचं ‘सात वर्षं’ हे याच कामातून, हातोहात फिरत, अर्धवट होऊन आलेलं आहे.

माणसाच्या बाळाचं काय होतं? शिकागोचे बालमेंदूविकारतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी वेगवेगळ्या वयात वारलेल्या मुलांच्या मेंदूचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून पेशींमधल्या जोडण्या एकेक करून मोजल्या. दृष्टीच्या या भागात त्या जन्मानंतर भराभर वाढतात, साधारण आठव्या महिन्यात सगळ्यात दाट होतात आणि मग ११ व्या वर्षापर्यंत त्यातल्या ४० टक्क्यांच्या आसपास गळून जातात. ऐकायला भीती वाटते, पण हे नुकसान नाही. कोथिंबीर दाट उगवली की विरळणी करतो, त्यातलाच हा प्रकार. वापरातल्या जोडण्या राहतात, बिनवापराच्या जातात. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे त्याची विरळणी संपत आलीय, पण संपलेली नाही. मी ‘या आठवड्यात’ म्हणते ते यासाठीच.

आता नव्या पेशींचं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. विचार करणाऱ्या, बघणाऱ्या बाहेरच्या थरातल्या जवळपास सगळ्या आईच्या पोटातच तयार होतात. हे सिद्ध झालं ते फार विलक्षण रीतीने. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झाला आणि चाचण्यांवर करार झाल्यावर तो हळूहळू उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हाच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएत कायमचा राहतो, जणू जन्माचा दाखलाच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये तो दाखला वाचला, आणि वाचला नेमका मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागातल्या पेशींचा. त्यांचं वय त्या माणसाच्या वयाएवढंच निघालं. मोठेपणी तिथे नवी भरती होत नाही.

मग मोबाइलवर वाचलंत ते? ते हिप्पोकॅम्पस नावाच्या दुसऱ्या भागाबद्दल आहे, जो आठवणींशी संबंधित आहे. त्याच गटाने २०१३ मध्ये तिथे दर दिवशी प्रत्येक बाजूला सुमारे ७०० नव्या पेशी येतात असं दाखवलं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका गटाला प्रौढांमध्ये त्या सापडल्याच नाहीत, तर त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दुसऱ्या गटाला म्हाताऱ्या माणसांतही सापडल्या. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्या गटाने प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशींना जन्म देणाऱ्या पूर्वपेशी दाखवल्या. या वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तुमच्या मुलाच्या डोळ्याला त्याने फरक पडत नाही. ‘नव्या मेंदूपेशी वाढवणारी’ गोळी किंवा पावडर कुणी विकायला आलं तर ते पैसे चष्म्याच्या चांगल्या काचांसाठी ठेवा, ही कळकळीची विनंती.

वय वाढलं की हे काम अवघड का होतं, हे समजून घेतलंत तर पट्टीचा कंटाळा आला तरी तुम्ही ती सोडणार नाही. लहानपणी या भागातल्या जोडण्या ओल्या मातीसारख्या असतात. मोठं होताना काही पेशींभोवती साखरेच्या साखळ्या आणि प्रथिनं यांची एक जाळी विणली जाते आणि घडण पक्की होते. ते व्हायलाच हवं, नाहीतर शिकलेलं टिकलं नसतं. इटलीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोठ्या उंदरांच्या मेंदूतली ही जाळी एका विकराने विरघळवली, तर त्यांच्यात पिल्लांसारखी लवचिकता परत आली. माणसांसाठी हा उपचार नाही, पण त्यातून एवढं नक्की कळतं की वय वाढताना रस्ता बंद होत नाही, त्याला ब्रेक लागतो. ब्रेक लागलेली गाडी ढकलायला जोर जास्त लागतो आणि वेळही.

किती जोर, तेही मोजलं गेलंय. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने ७ ते १७ वयाच्या ५०७ मुलांवर चाचणी घेतली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना योग्य चष्मा दिला. त्यातल्या निम्म्यांना शिवाय पट्टी आणि रोज जवळचं काम दिलं, बारापर्यंतच्यांना चांगला डोळा धूसर करणारे थेंबही. ७ ते १२ वयात पट्टीवाल्यांपैकी ५३ टक्के मुलांची दृष्टी तक्त्यावर किमान दोन ओळी सुधारली. नुसत्या चष्म्यावर हे प्रमाण २५ टक्के होतं. १३ ते १७ वयात ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांच्यात ४७ आणि २० टक्के. ‘अकराव्या वर्षी उशीर झाला’ ऐकलेल्या माझ्यासारखीला हे आकडे पहिल्यांदा वाचताना काय वाटलं असेल, ते तुम्ही समजू शकाल. त्याच चाचणीत हेही दिसलं की बऱ्याच मुलांच्या डोळ्यात काही कसर राहिलीच. ६/३६ वरून थेट ६/६ होईल असं वचन मी देणार नाही. ६/१२ झालं तरी त्याच्या आयुष्यात फार मोठा फरक पडेल, आणि पुढे कधी चांगल्या डोळ्याला काही झालं तर हाच डोळा त्याला सांभाळेल.

आपल्याकडचं एक काम इथे सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ नावाचा प्रकल्प उत्तर भारतात उभा केला. जन्मतः मोतीबिंदू असूनही वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया न झालेली मुलं शोधायची, दिल्लीत त्यांची शस्त्रक्रिया करायची आणि मेंदू बघायला कसं शिकतो तेही समजून घ्यायचं. शस्त्रक्रियेनंतर ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू लगेच डोळ्यांनी ओळखता आली नाही. काही दिवसांतच मात्र ती ओळखू लागली. त्यांची नजर आपल्याएवढी तीक्ष्ण झाली नाही, पण जन्मापासून न बघितलेला मेंदू शाळकरी वयात इतकं शिकतो, हे सातच्या रेषेवर बसलेल्या सगळ्यांनी वाचायला हवं.

आता घरातलं बोलू. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी यायची, तिचाही तुमच्या मुलासारखाच ६/३६. पट्टी लावली की रडायची, कारण चांगला डोळा झाकला की तिचं जगच धूसर व्हायचं. टीव्हीसमोर बसवून दोन तास काढायचा प्रयत्न महिनाभर फसला. मग तिच्या आजीने तिला संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन समोर बसवलं. पट्टी लावून खडे आणि भाताची टरफलं वेचायची. पहिल्या आठवड्यात तिला पांढरा खडा दिसायचाच नाही, बोटांनी चाचपून शोधायची. आजी मुद्दाम चार काळे उडीद टाकून ठेवायची, तेवढे सापडले की खूश. दीड-दोन महिन्यांनी आई सांगत आली की आता ती उडीद टाकू देत नाही, ‘ते सोपं आहे’ म्हणते. त्या दिवशी तक्त्यावर ती ६/१८ वाचली. वर्ष संपायच्या आत ६/१२. तिच्या मेंदूत एकही नवी पेशी आली नव्हती, गाळ साचलेल्या पाटाने पाणी वाहू लागलं होतं. पट्टीच्या वेळात मेंदूला बारकाईने बघायची गरज पडली पाहिजे. मणी ओवणं, वर्तमानपत्रातल्या एका परिच्छेदातले सगळे ‘म’ रंगवणं, चित्रातले फरक शोधणं, काहीही चालेल.

क्रम असा असतो. आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून नीट तपासणी, पडद्याचीही. थेंबाशिवाय या वयात खरा नंबर कळत नाही. मग चष्मा, तोही दिवसभर, फक्त शाळेत नव्हे. काही मुलांचं एवढ्यावरच भागतं, म्हणून बरेच डॉक्टर पट्टीआधी काही आठवडे थांबतात. तसं सांगितलं तर घाबरू नका. पट्टी किती तास, हे नेत्रतज्ज्ञ ठरवतील. स्वतःच्या मनाने वाढवू नका, फार वेळ झाकल्याने चांगला डोळाही मागे पडू शकतो. पट्टी कातडीला चिकटवा, चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल फटीतून बघतं. शाळेत चिडवतात म्हणून संध्याकाळची वेळ धरलीत तरी हरकत नाही. मुलाला धाकटं भावंड असेल तर त्याचेही डोळे दाखवून घ्या, आत्ताच.

आणि सुधारणा झाली की पट्टी एकदम बंद करून टाकू नका. बंद केल्यानंतर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, आणि ते वेळेत कळलं तर परत भरून काढता येतं. एका वहीत प्रत्येक भेटीची तारीख आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. पहिल्या पानावर ६/३६ लिहा.