आई बिडी वळते, मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. फीचं कसं करायचं?
आमच्या सोलापुरात हा प्रश्न गल्लोगल्ली. मुलगी ओबीसी, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. (मुलगा असता तर निम्मंच.) अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर.

बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राचीही शिष्यवृत्ती आहे, इंजिनिअरिंगसारख्या पदवीला वर्षाला २५,००० रुपये. त्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, आणि आईचं बिडी कार्ड (बिडी कामगाराचं ओळखपत्र). दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर ही मिळत नाही, म्हणून आधी कॉलेजात विचारा.

अर्ज भरण्याआधी मुलीचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा. माझ्या भाचीचे पैसे शाळेतल्या जुन्या, बंद खात्यापायी चार महिने लटकले होते.