ग्लेड म्हणजे जंगलातलं मैदान का?

प्रश्न : मुलीच्या इंग्रजी गोष्टीत 'हरणं ग्लेडमध्ये चरत होती' असं वाक्य आलं. मी तिला 'जंगलातलं मैदान' असा अर्थ सांगितला, पण मलाच तो पटेना. हा शब्द आला कुठून आणि आपल्याकडं त्याला काय म्हणायचं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे, कारण कोल्हापुरात मैदान म्हटलं की खासबागेतल्या कुस्त्या आठवतात, हरणं नाही. ग्लेड म्हणजे दाट झाडीच्या मधोमध असलेली मोकळी जागा, जिथं वरून थेट ऊन खाली पडतं. आणि सगळी गंमत त्या उन्हातच आहे. इंग्रजीत हा शब्द पाच-सहाशे वर्षांपासून आहे, आणि बहुतेक तो 'ग्लॅड'चाच भाऊबंद असावा असं मानतात. ग्लॅड म्हणजे आज आनंदी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चकाकणारा, उजळ असाही होता. म्हणजे अंधाऱ्या रानातला उजेडाचा तुकडा तो ग्लेड. जर्मन लोक अशा जागेला लिश्टुंग म्हणतात, त्यातही लिश्ट म्हणजे उजेड, आणि फ्रेंचमधल्या क्लेरिएरमध्येही तेच.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. आपण रोज शंभरदा 'लोक' म्हणतो ना, तो शब्द याच कल्पनेतून आलाय! ऋग्वेदात 'उरुं लोकम्' येतं, तिथं लोक म्हणजे माणसं नव्हेत, ऐसपैस मोकळी जागा. अर्थ पुढं जग आणि मग जगातली माणसं असा सरकत गेला. लॅटिनमधला लूकुस हा त्याचा सख्खा भाऊ, त्याचा अर्थ देवाची राई, म्हणजे आपली देवराईच की. जुन्या इंग्रजीतला लेआहसुद्धा त्याच घरातला, रान किंवा रानातली मोकळी जागा अशा अर्थाचा, आणि तो गावांच्या नावांच्या शेवटी चिकटून राहिलाय. क्रिकेट बघत असाल तर हेडिंग्लेतलं शेवटचं 'ले' म्हणजे तेच, फुटबॉलवाल्यांनी वेम्बली घ्यावं. म्हणजे ग्लेड शब्द आपला नसला तरी त्यामागचा विचार आपल्या तोंडात हजारो वर्षं आहे.

वापराचं म्हणाल तर क्लिअरिंग आणि ग्लेड एक नव्हे. झाडं तोडून जागा केली की ती क्लिअरिंग, जशी आपल्या डोंगरात कुमरीसाठी, म्हणजे फिरत्या शेतीसाठी, रान तोडून-जाळून करायचे. ग्लेड बहुतेक वेळा आपोआप झालेली असते, आणि शब्द जरा कवितेकडं झुकणारा आहे. अमेरिकेत अर्थ आणखी बदलतो, फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये तर तो पाणथळ गवताळ प्रदेश आहे, आणि टेनेसी, मिसुरीकडं जंगलात जिथं खडक वर आलाय, माती वीतभरसुद्धा नाही म्हणून झाडं धरत नाहीत, त्या जागेलाही ग्लेडच म्हणतात. हे वाचल्यावर मला दाजीपूरचं जंगलच आठवलं, कारण हा तर आपला सडा! खडक वेगळा, आपल्याकडं जांभा, पण तीच पातळ माती, भोवती दाट झाडी आणि पावसाळ्यात फुलं. मसाई पठाराला मात्र ग्लेड म्हणू नये, ते उघडंच आहे, आणि भोवती जंगल नसेल तर ग्लेड होत नाही.

शब्दकोशातले 'वनांतर्गत' वगैरे जोडशब्द मला अजिबात आवडत नाहीत, ते कुणी बोलत नाही. खडकाळ असेल तर सडा म्हणा, गवत असेल तर माळ. हरणं चरतायत म्हणजे गवत आहेच, तेव्हा मुलीला लिहायला सांगा : हरणं रानातल्या माळावर चरत होती. आणि पुढच्या ओळीत तिथं ऊन पडलंय असं असेल तर ते गाळू देऊ नका.