कार्ड आधी उलटून बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या कार्डाचा फोटो पाहिला. करकरीत कोपरे बघून तू हरखलास, मी मात्र बिचकलो. टी२०६ मालिकेतली ही अमेरिकन बेसबॉल खेळाडूंची कार्डं १९०९ ते १९११ मध्ये सिगारेट-तंबाखूच्या पाकिटांतून निघाली. पोरांनी ती खिशात कोंबली, डिंकाने वहीत चिकटवली. एवढं सोसलेल्या कार्डाचे कोपरे झिजलेलेच असायचे. नसतील तर आधी पट्टी काढ. रुंदी साडेछत्तीस मिलिमीटरच्या आसपास हवी. कमी भरली, तर कुणीतरी झिजलेली कड छाटून टाकलेली असू शकते.

पण तेवढ्यावरून निकाल देऊ नकोस. कार्ड उलटं कर. मागे सिगारेट-तंबाखूच्या ब्रँडची जाहिरात असते. ‘अमेरिकन ब्यूटी’ची कार्डं मुळातच अरुंद. ‘पोलर बेअर’ हा सुट्या तंबाखूचा ब्रँड, त्यामुळे त्या कार्डांवर तपकिरी डाग नेहमीचेच. ‘पीडमाँट’ सगळीकडे सापडतं, ‘ड्रम’साठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. पुढचा खेळाडू तोच, पण मागचं नाव बदललं की किंमत कुठल्या कुठे जाते.

ग्रेडिंग कंपन्या कार्डाची अवस्था तपासून दहापैकी आकडा देतात आणि ते प्लास्टिकच्या डबीत बंद करतात; त्या डबीवरचा आकडा बघून मीही एकदा फसलो. विक्रेता गोड बोलला, मी कार्ड मोजलंच नाही. (तुझ्या काकूने तो विषय अजून सोडलेला नाही.) बेसबॉलपटू होनस वॅगनरच्या सगळ्यात गाजलेल्या कार्डाचं तर काय सांगू! पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेलं ते पहिलंच कार्ड, त्याला चक्क ८ मिळाले. पुढे २०१३ मध्ये लिलाववाल्या बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं, की कडा त्यानेच छाटल्या होत्या. छाटलेल्या कार्डाला खरं तर आकडा मिळतच नाही, नुसतं ‘अस्सल’ एवढंच लिहून देतात.

तेव्हा सुरुवात १ किंवा २ ग्रेडच्या, फारशा नामांकित नसलेल्या खेळाडूंच्या कार्डांपासून कर. घडी पडलेली, मळकी का असेनात. भिंगाखाली ती रोज न्याहाळ. अंधारात अतिनील दिवा धर; आजचा कागद बहुधा निळसर चमकतो, तेव्हाचा मंदच राहतो. रंग भरून झाकलेली कड कधीकधी त्याच उजेडात उघडी पडते.

या विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो माग, शेजारी पट्टी ठेवलेला. आला तर मला पाठव. टाळाटाळ केली तर पैसे खिशातच राहू देत.

– काका