बॅलन्स, स्केल, प्रपोर्शन, रिदम हे शब्द पाठ आहेत, पण बिल्डिंगमध्ये दिसत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बारावी झाली, आर्किटेक्चरला जायचंय, क्लासच्या नोट्समध्ये एलिमेंट्स आणि प्रिन्सिपल्स अशा दोन याद्या मिळाल्यात आणि त्या तोंडपाठही आहेत, पण समोर बिल्डिंग आली की त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, आणि पुण्यातच राहता तर इथल्याच जागांवरून कुणी समजावून सांगेल का. मी पुण्यात आर्किटेक्ट आहे, जुन्या वाड्यांची मोजणी करून त्यांची ड्रॉइंग्ज काढायचं काम बरंच करते, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार आणि लांबही होणार.

आधी त्या दोन याद्या. रेषा, आकार, घनाकार, रंग, पोत, उजेड-सावली, अवकाश हे सगळं सामान. तोल (बॅलन्स), प्रमाण (प्रपोर्शन), लय (रिदम), विरोध (कॉन्ट्रास्ट), प्राबल्य, एकसंधता हे शब्द त्या सामानाची मांडणी कशी केलीय ते सांगणारे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिली असेल तर संकल्पचित्राच्या पेपरात हे सगळं तुमच्या हातून होऊन गेलंय. पण कागदावरचं डिझाइन आपण समोरून बघतो, आणि बिल्डिंगमध्ये आपण शिरतो, चालतो, वर चढतो, उन्हातून सावलीत येतो, त्यामुळे तेच शब्द इथे जरा वेगळे वागतात. म्हणून मी यादीच्या क्रमाने जात नाही. माझ्या मते आधी दोनच गोष्टी कळायला पाहिजेत, माप आणि मोकळी जागा. बाकीचं त्यांच्या मागून येतं.

मापापासून सुरू करू, कारण प्रपोर्शन आणि स्केल यात भले भले गोंधळतात. प्रपोर्शन म्हणजे एकाच वस्तूच्या भागांचं आपापसातलं नातं. घरातला ए-फोर कागद घ्या, २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या साधारण १.४१४ पट. मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो आणि गुणोत्तर तेच राहतं, दोन ए-फोर शेजारी ठेवले की ए-थ्री, तरी तेच. म्हणून तर झेरॉक्सवाला ए-थ्रीचं ड्रॉइंग ए-फोरवर आणतो तेव्हा एकही कड कापावी लागत नाही. म्हणजे आकारमान बदललं, प्रपोर्शन बदललं नाही. आता स्केल. स्केल म्हणजे ती वस्तू कशाच्या तरी तुलनेत केवढी, आणि बिल्डिंगच्या बाबतीत ते 'कशाच्या तरी' म्हणजे बहुतेक वेळा माणूस.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जाऊन उभे राहा. अंबारीसकट हत्ती आत जावा एवढा दरवाजा, लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेला. समोर माणूस नसलेला त्याचा फोटो बघितला तर तो नक्की केवढा आहे ते पटकन कळत नाही. मग नजर त्याच दारात बसवलेल्या छोट्या दिंडीवर जाते, जिच्यातून एका माणसाने वाकून जायचं, आणि एकदम सगळ्या दरवाज्याची उंची अंगावर येते. स्केल दाखवायला हे उदाहरण मला फार आवडतं कारण एकाच चौकटीत हत्तीचं माप आणि माणसाचं माप शेजारी शेजारी आहे, आणि त्या दोघांमुळे येणाऱ्याला आपण कुठे आलोय ते आत जायच्या आधीच समजतं.

आणि तिथे गेलाच आहात तर आतपण जा. वाडा १७३२ मध्ये राहता झाला आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, उरली ती जोती. बरेच लोक म्हणतात आत बघायला काही नाही, पण आर्किटेक्चर शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण तुम्ही पूर्ण मापाच्या प्लॅनमधून चालत असता! प्लॅन म्हणजे काय तर इमारत आडवी कापून वरून बघितलेली, आणि हे कापणं आपल्याला डोळ्यांनी कधी दिसत नाही, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना प्लॅन वाचायला जड जातो. इथे जोत्यांच्या कडेने चालत एक दालन पावलांनी मोजा, घरी येऊन कागदावर काढा. दोन-तीनदा केलंत की प्लॅनची भीती जाते.

घरातली मापंपण घ्या, पाच मीटरचा टेप आणला की झालं. दाराची उंची बहुतेक सात फूट म्हणजे २.१ मीटर निघेल, खिडकीचा सिल म्हणजे खालची कड जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास, स्वयंपाकाचा ओटा ३२ ते ३४ इंच. हे आकडे माणसाच्या शरीरावरून आलेत. जिन्याचंच बघा, सतराव्या शतकात ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकाराने नियम मांडला की दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी ही माणसाच्या एका पावलाएवढी हवी, आज आपण ती बेरीज ६०० ते ६४० मिलिमीटर धरतो, म्हणजे पायरी ६ इंच उंच असेल तर १२ इंच रुंद. आपल्या सोसायटीचा जिना मोजा, मग पर्वतीच्या रुंद पायऱ्या चढा, आणि पाय कुठे अडखळतो, कुठे लय लागते ते बघा. पायाला कळलेलं प्रपोर्शन कायम लक्षात राहतं. सुवर्ण गुणोत्तराच्या (गोल्डन रेशो, साधारण १ ला १.६१८) मागे मात्र आत्ता लागू नका, नेटवर प्रत्येक सुंदर इमारतीवर तो गोगलगायीसारखा वळसा काढून दाखवतात, रेषा पुरेशा जाड काढल्या की तो कशावरही बसतो.

आता मोकळी जागा, म्हणजे अवकाश, आणि हा यादीतला सगळ्यात दुर्लक्षित शब्द. भिंती बांधतो आपण, पण वापरतो ती त्यांच्या मधली पोकळी. पेठांमधला कुठलाही धड राहिलेला वाडा आठवा. रस्त्यावर लखलखीत ऊन, मग दिंडी दरवाजा, मग देवडी, जी ठेंगणी आणि अंधारी, आणि तिथून दोन पावलं टाकली की चौक, वर थेट आभाळ. चौक काही फार मोठा नसतो, पण देवडीतून येताना तो मोठा वाटतो, कारण आधी तुम्हाला आवळलं आणि मग सोडलं. मग चौकाच्या कडेने ओसरी, जी धड बाहेर नाही धड आत नाही, जोत्यावर चढलात की तुम्ही रस्त्यावरचे राहिला नाहीत पण घरातलेही झाला नाहीत, आलेला माणूस तिथे बसतो, त्याच्यापुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परसदार. कोण कुठपर्यंत येणार हे कुणी तोंडाने सांगायची गरज पडत नाही, उजेड, उंची आणि जोत्याच्या एक-दोन पायऱ्या हेच सांगतात. तुमच्या नोट्समधला हायरार्की हा शब्द म्हणजे हेच. (त्या पायऱ्यांनी कित्येकांना बाहेरच ठेवलं हेही त्याच रचनेत आहे, ते विसरून वाड्याचं कौतुक करू नये असं मला मनापासून वाटतं.) आणि आता आपला टू बीएचके आठवा, लिफ्ट, दार, दार उघडलं की सोफा आणि सोफ्यावर बसलेली आजी थेट कुरियरवाल्याला दिसते. जागा कमी आहे हे खरं, पण चार फूट बाय चार फुटांची आडोशाची जागा दारात ठेवली तरी केवढा फरक पडतो, मी घरांचे प्लॅन करताना त्यासाठी अगदी भांडते.

लय बघायला विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमारासचा, बाजीराव रोडवरच आहे, समोरच्या फुटपाथवर उभे राहा. लाकडी दर्शनी भाग, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब. खांब, मोकळी जागा, खांब, मोकळी जागा. नवीन मुलं फक्त खांब बघतात, पण लय खांबांमुळे जेवढी आहे तेवढीच मधल्या अंतरामुळे, जशी तबल्यात मात्रांच्या मधल्या थांबण्यामुळे असते. खांब काढायच्या आधी मधल्या मोकळ्या जागांचे आकार काढून बघा, पेन्सिलीने काळे करा, खांब आपोआप पांढरे उरतील. यालाच फिगर-ग्राउंड म्हणतात आणि हा एक व्यायाम केला तर निम्मा अभ्यास झाला असं समजा. तीच लय वेगळ्या चालीची बघायची तर आगाखान पॅलेस, १८९२ चा, तिथे कमानींच्या मागे खोल व्हरांडा असल्यामुळे प्रत्येक कमानीत काळोख भरलेला असतो, उजेड-काळोख-उजेड-काळोख असं चालतं, आणि ऊन कललं की तीच इमारत वेगळी दिसते. उलट हल्ली नवीन टॉवरवर चॉकलेटी आणि क्रीम रंगाचे उभे पट्टे मारतात ना, त्याने लय येत नाही, कारण भिंत सपाटच राहते, सावलीच पडत नाही. आपल्याकडे ऊन एवढं कडक की एलिव्हेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या समोरून दिसणाऱ्या बाजूत, खरं काम सावली करते, रंग नंतर.

तोलाबद्दल थोडक्यात. दोन्ही बाजू सारख्या असणं हा तोलाचा एक प्रकार झाला. मधल्या बिंदूपासून सगळीकडे फुटलेला तोल बघायचा तर महात्मा फुले मंडई, १८८६ ची, मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून निघालेल्या बाजू, शिवाय मनोरा लांबून दिसतो म्हणून प्राबल्याचंही ते उदाहरण. आणि बाजू सारख्या नसूनही तोल कसा राहतो ते कागदावरच शिकावं. खाली डावीकडे मोठं फिकट पान काढा, वर उजवीकडे छोटा गडद गोल, आणि गोल सरकवत बघा कुठे चित्र स्थिर होतं. गडद गोष्ट लहान असली तरी जड असते, हे तेव्हा कळेल.

घनाकार दोन प्रकारे होतो, एकावर एक जोडत जाऊन, नाहीतर अखंड दगडातून काढून टाकत जाऊन. दुसऱ्यासाठी जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी, आठव्या शतकातली. तिथला गोल नंदीमंडप बघा, खांब उभारून वर छत ठेवलंय असं वाटतं पण काहीच उभारलेलं नाहीये, आजूबाजूचा कातळ काढून टाकलाय आणि जे ठेवलं तो मंडप. म्हणजे तिथे कारागिरांनी आधी पोकळीच डिझाइन केली. पोतही तिथेच हाताने बघता येतो, छिन्नीचे घाव दिसणारा आपला काळा दगड, त्यावर तिरपं ऊन पडलं की पोत दिसतो आणि समोरून पडलं की नाहीसा होतो.

विरोधासाठी मला आयुका सगळ्यात मोलाची वाटते. विद्यापीठाच्या आवारात आहे, चार्ल्स कोरिया यांचं काम. खगोलशास्त्राची संस्था म्हणून भिंती काळ्या, पण एकाच काळ्या नाहीत, खाली खडबडीत बसाल्ट, वर अजून गडद कडप्पा, आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट ज्यात आभाळ उतरतं. रंग एकच ठेवून फक्त पोताने विरोध साधलाय, आणि त्यामुळेच सगळं एकसंध राहतं. विरोध म्हणजे लाल शेजारी हिरवा एवढंच नोट्समध्ये असेल तर ते फार अपुरं आहे. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. रोज सहज जाता येत नाही, पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी उघडं ठेवतात, तेव्हा जा.

रंगाचं चक्र नोट्समध्ये आहे तेवढं पुरे. त्यात भर घालायची तर एवढीच की रंगाच्या नावापेक्षा त्याचा फिकट-गडदपणा आधी बघायची सवय लावा, मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, मांडणी तिथे टिकली तर रंग भरल्यावरही टिकते. नाटाच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या, ड्रॉइंगच्या भागात कॉम्पोझिशन असतं, तिथेही हेच करा, आधी दोन मिनिटं कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चौकोनात फक्त काळं-पांढरं मांडून बघा, जमलं की मोठ्या कागदावर घ्या.

यादीतले शब्द क्लासमध्ये आणि कॉलेजात इंग्रजीतच येतील, ते तसेच ठेवा, मराठी शोधत बसू नका. जागा बघायला जाताना कॅमेऱ्यापेक्षा वही न्या, टेप न्या, सकाळी दहाच्या आत जा, शनिवारवाडा आणि विश्रामबाग एकाच फेरीत चालत होतात. एका वेळी एकच शब्द घेऊन जा, आज फक्त स्केल, पुढच्या रविवारी फक्त लय, आणि प्रत्येक शब्दाखाली वहीत एक स्केच आणि एक स्वतः घेतलेलं माप असू द्या. स्केचेस काढलीत तर इथे खाली टाका, मी बघून सांगेन.