‘आजा’ आर्य होता का?

उदगीरहून एकांनी विचारलंय: ‘आजा हा शब्द आर्यवरून आला, म्हणजे आपण आर्य वंशाचे, असं गावातल्या भाषणात ऐकलं. खरं का?’

शब्दाचं खरं आहे. संस्कृतातल्या ‘र्य’चा प्राकृतात ‘ज्ज’ झाला. कार्य, कज्ज, काज. तसंच आर्यकाचं अज्जअ होऊन आजा, नि आर्यिकेची आजी. (‘आज’ मात्र ‘अद्य’वरून. प्राकृतात तोही ‘अज्ज’च, म्हणून गल्लत होते.)

वंशाचं साफ खोटं. ऋग्वेदातले लोक स्वतःला आर्य म्हणवत, इराणचा सम्राट दारयवहुशही म्हणवी. पण पुढे आपल्याकडे तो मानाचा शब्द झाला. नाटकातली नटी सूत्रधाराला ‘आर्य’ म्हणते, बुद्धांची आर्यसत्यं आहेत, दिगंबर जैन साध्वी आर्यिका. मराठवाड्यात तर आर्य समाजात गेलेली माणसं जातीचं आडनाव टाकून ‘आर्य’ लावायची. १९३९ साली निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात ती तुरुंगात गेली. त्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं.

रक्ताची भानगड युरोपातली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळाच्या असाव्यात, असं इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स १७८६ मध्ये कलकत्त्यात म्हणाला. ते टिकलं. पुढे या भाषाकुळाला दिलेलं ‘आर्य’ हे नाव वंशाला चिकटवलं गेलं. संस्कृतचा जर्मन पंडित मॅक्सम्युलर याने १८८८ मध्ये बजावलं होतं, की आर्य म्हणजे भाषा, रक्त नव्हे. तरी १९३३ मध्ये जर्मनीत ‘अनार्य’ ठरवून ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं. बाबासाहेबांनीही १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’मध्ये आर्य वंशाची कल्पना खोडून काढली. तीच आज कुणी ‘मूळचे’, कुणी ‘उपरे’ ठरवायला पुन्हा बाहेर काढतं, याचा मला फार संताप येतो.

जुन्या काळी उत्तरेकडून माणसं आली, हे सांगाड्यांच्या डीएनएवरून दिसतं. पण त्यावरून तुमच्या आजाचा वंश ठरत नाही. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्यांची नातवंडं लातुरात मराठीच बोलतात. भाषा बदलली, रक्त तेच.

आणि तुमच्याच घरात बघा. आजा प्राकृतातला, पण अण्णा नि अक्का कानडी-तेलुगूच्या कुळातले. ‘अक्का, आजाला भाकर वाढ’ एवढं म्हणताना दोन्ही कुळं एका ओळीत येतात.