जाताना लवकर, येताना उशीर

प्रश्न : लेक टोकियोत असते. दिल्लीहून विमान पावणेआठ तासांत पोचतं, परतताना मात्र नऊ-साडेनऊ लागतात. वाट लांबची घेतात का?

उत्तर : नाही हो, अंतर साधारण तेवढंच, सुमारे ५,८५० किलोमीटर. सगळी करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो कधीकधी ताशी ३०० किलोमीटरही ओलांडतो. जाताना पाठीशी, येताना समोरून. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले, पण १९२६चा अहवाल छापला एस्पेरांतो या कृत्रिम, मोजक्यांनाच येणाऱ्या भाषेत! वाचणार कोण?

तिकिटावरच्या वेळा मात्र उलटंच दाखवतात. टोकियोचं घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणून जाणं सव्वाअकरा तासांचं दिसतं, येणं जेमतेम सहाचं. लेकीला तिकडचीच वेळ कळवा.