गोष्ट सांगणारं चित्र म्हणजे नुसतं 'इलस्ट्रेशन' का? शेतकऱ्याचं दुःख चित्रमालिकेत कसं आणावं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू बीएफएच्या (चित्रकलेच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला, गाव यवतमाळकडचं, कास्तकारांच्या हालावर चित्रांची मालिका करायची आहे. आणि सर म्हणतात, चित्र गोष्ट सांगायला लागलं की ते पेंटिंग राहत नाही, इलस्ट्रेशन, म्हणजे गोष्टीला जोडलेलं चित्र होतं. वर अक्षरं लिहिलीस तर पोस्टर होतं. माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

हे वाक्य मी 1994 साली ऐकलंय. डिप्लोमाची शेवटची परीक्षा, बाहेरून आलेले परीक्षक. मी कापूस खरेदी केंद्रावरची बैलगाड्यांची रांग काढली होती. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारच घ्यायचं, दोन-दोन रात्री रांगेत जायच्या. त्या रांगेत एकच माणूस चार ठिकाणी होता: गाडी जुंपताना, गाडीखाली झोपलेला, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरसमोर उभा, आणि परत येताना. प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहिली होती. परीक्षक म्हणाले, "यात पेंटिंग कुठे आहे? ही तर गोष्ट झाली." शेजारच्या मुलानं निळे तीन पट्टे मारले होते, त्याच्यापाशी साहेब वीस मिनिटं रमले. मी काठावर पास झालो आणि कॅनव्हास सोडला तो सोडलाच. पाट्या रंगवायला लागलो.

एकच माणूस एका चित्रात चारदा, हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. बुलढाण्याची हद्द ओलांडली की अजिंठा. तिथं सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे, बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो, घर सोडतो, दान करत सुटतो. शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. साहेबांनी पाहिलं नसेल असं कसं म्हणू, पण आठवलं नसावं. आणि 1981 मध्ये 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन झालं होतं, भूपेन खक्कर, गुलाम शेख, नलिनी मलानी, आपले ठाण्याचे, तेव्हा रेडिओलॉजिस्ट असलेले सुधीर पटवर्धन वगैरे चित्रकार मंडळींचं. माणूस आणि त्याची गोष्ट चित्रात परत आणायची, यावरच ते उभं होतं. म्हणजे मला जे ऐकवलं गेलं ते ऐकवलं तेव्हाच तेरा वर्षं शिळं होतं. तुझ्या सरांचं किती शिळं झालं, हिशेब तूच कर.

आता भिंतीची गोष्ट सांगतो.

2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आमच्याकडच्या भिंतींना भाव आला. बियाण्याच्या, फवारणीच्या औषधाच्या जाहिराती. चौरस फुटावर पैसे. मी नारळाएवढी बोंडं काढायचो, आणि त्यांच्यापुढे अंगठा वर केलेला, मिशीवाला, दात दाखवणारा कास्तकार. असा कास्तकार मी आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही, पण डोळे मिटून काढू शकतो, इतक्या वेळा काढलाय. माझ्या मामाचं घर डांबरी रोडला लागून. त्याच्या भिंतीवर एका कीटकनाशकाची जाहिरात मीच रंगवली. भिंतीच्या बदल्यात मामाला एक ताडपत्री मिळाली होती.

2017 चा हंगाम तुला आठवत असेल, शाळेत असशील. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा मारला की औषध उलट तोंडावर यायचं. आपल्या जिल्ह्यात त्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. मामा त्यातला एक. धुऱ्यावरच, शेताच्या बांधावर, पंपासकट कोसळला. अकरा दिवसांनी घरी आला, जिवंत, पण कित्येक महिने त्याला समोरचं धूसर दिसायचं. त्याच्या पंपात होतं ते भिंतीवरच्या कंपनीचं औषध होतं का? नव्हतं. पण भिंत त्याची होती आणि ब्रश माझा होता. त्यात वरून बोंडअळी. कापूस निघाला तो निम्मा कवडी, किडका नि डागाळलेला.

त्या हिवाळ्यात मी मामीला म्हटलं, भिंत पुसतो आणि यावर तुमचंच काढतो. मामी म्हणाली, "काढ ना बाप्पा, तसंबी ताडपत्री फाटली."

आठ चौकटी आखल्या. गेरूत भिजवलेलं सूत दोघांनी ताणून धरायचं आणि टपकन सोडायचं, पाटीवाल्यांची जुनी पद्धत. पहिल्या चौकटीत डोमकळी. तुला सांगायला नको, पण तुझ्या सरांना सांग: गुलाबी बोंडअळी लागलेलं फूल उमलतच नाही, पाकळ्या पिळून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. दिसायला इतकं देखणं की शहरातला माणूस फोटो काढील. दुसरीत पंप पाठीवर घेतलेला मामा, तोंडाला मामीचा जुना दुपट्टा. आणि तिसरीत, मामाला ऑटोत घालून नेताहेत आणि मामी दारात पदर तोंडाला लावून रडते आहे.

मामीनं तिसरी चौकट पाहिली आणि म्हणाली, "मी कुठं रडली?"

म्हटलं, मामी, तशा वेळेला माणूस रडतोच ना.

"मी धार काढत होती. म्हैस पान्हावली होती, दोन दिवसाचं रेडकू ओरडत होतं. ऑटो गेला आन् मी गंज घेऊन बसली."

मी हुज्जत घातली. म्हटलं, लोकांना दुःख कळायला पाहिजे. तर म्हणे, "मंग त्या दिवशी धार काय तुया बापानं काढली?"

चौकट पुन्हा पांढरी केली. मामी सांगत गेली तसं काढलं. पाठमोरी बाई, गुडघ्यात गंज, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलेलं. डोळे दिसतच नाहीत. आणि पायात दोन वेगळ्या चपला, एक तिची, एक मामाची. धावपळीत तशाच घातल्या गेल्या होत्या आणि रात्रीपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं. ही चप्पल मला सात जन्मात सुचली नसती. बायाबापड्या रोडनं जाताना तिसऱ्या चौकटीशी थांबायच्या, एकमेकींना चपला दाखवायच्या आणि काही न बोलता वेचायला जायच्या. गडीमाणसंही थांबायची. एकानं विचारलं, "म्हैस कितव्या येताची?" तेही चालतं.

दुसऱ्या चौकटीतही चूक निघाली. पंपाचा पट्टा मी उजव्या खांद्यावर जास्त ताणलेला दाखवला होता. मामाचा तो खांदा दुखायचा, तो भार डावीकडे घ्यायचा. सुधारली.

आता तुझा प्रश्न. भावना कशा दाखवायच्या, तर दाखवायला जाऊ नकोस. फास, भेगाळलेली जमीन, आभाळाकडे बघणारा म्हातारा, हे सगळं वर्तमानपत्रांनी आणि माझ्यासारख्या पाटीवाल्यांनी वापरून झिजवलंय. आधी त्या घरात जा, त्या दिवशी कोण काय करत होतं ते विचार. हातात काय होतं, पायात काय होतं. मग काढ, आणि काढलेलं त्याच माणसाला दाखव. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला नाही, कच्चं असतानाच.

मालिका करायची तर जेकब लॉरेन्स बघ. अमेरिकेतला काळा चित्रकार. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या आपल्या लोकांवर त्यानं 1940-41 मध्ये साठ चित्रं केली, वय तेवीस. ओळी आधी लिहिल्या, चित्रं मग. साठही फळ्या एकदम मांडून एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला, म्हणजे पहिल्या चित्रातला पिवळा साठाव्यात तोच राहतो. मीही आठ चौकटींना तसंच केलं, पण त्याचं ऐकून नव्हे. ऑइल पेंटची मिसळलेली छटा दुसऱ्या दिवशी पुन्हा जमत नाही, म्हणून. त्याचं नववं चित्र मोबाईलवर पाहिलं तेव्हा मी चहा खाली ठेवला. कापसावरच्या किडीचं चित्र आहे ते, लोक गाव सोडून का निघाले याचं एक कारण. तो सोंडेचा भुंगा, आपली अळी. कीड वेगळी, वावर तेच वाटतं. आणि प्रत्येक चित्राला शब्दांची ओळ आहे. अमेरिकेतली दोन मोठी संग्रहालयं ती साठ चित्रं निम्मी निम्मी वाटून जपताहेत. त्यांना कुणी म्हटलं नाही वाटतं की हे पोस्टर आहे.

अक्षरांचं तर मी ऐकूनच घेत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र उभं धरून गोष्ट गातात, चित्र आणि शब्द वेगळे काढून दाखवा म्हणावं. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, निघते, सोबत बडग्या नावाचा दुसरा पुतळा, त्याच्या गळ्यात महागाईची नाहीतर भ्रष्टाचाराची पाटी असते. पाटी काढली तर उरेल नुसता बांबू-कागदाचा सांगाडा. साहेबांना माझ्या चित्राखालच्या ओळी खटकल्या कारण त्या वाचता येत होत्या. निळे पट्टे वाचता येत नव्हते, म्हणून तिथं त्यांना बोलता आलं. हे मला 1994 ला सुचायला हवं होतं.

बरं, निळे पट्टे सगळेच वाईट असतात असं नाही. पुढे कळलं की तो मुलगा चांगलं काम करतो. आणि तुझ्या सरांशी मार्क मिळेपर्यंत भांडू नकोस, माझ्यासारख्या पाट्या रंगवशील. आता तर त्याही फ्लेक्सनं खाल्ल्या.

एक मात्र मी चुकलो ते सांगतो. मामीला विचारलं, मामाला विचारलंच नाही. त्याला दिसत नव्हतं म्हणून धरून चाललो. नजर आल्यावर त्यानं भिंत एकदा जवळून पाहिली, आठही चौकटी, काही बोलला नाही, आणि बाज उचलून छपरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून भिंत दिसत नाही. अजून तिथेच बसतो. तेव्हा घरातल्या सगळ्यांना विचार.

आणि जुन्या ऑइल पेंटवर नुसता चुना मारून त्यावर रंगवू नकोस. आधी पॉलिश पेपरनं घासून घे, नाहीतर पोपडे निघतात. मी घाई केली. तिसऱ्या चौकटीत म्हशीच्या पाठीवरचा रंग गेल्या पावसाळ्यात सुटला आणि खालून माझ्याच जाहिरातीतल्या कास्तकाराची मिशी आणि वरचे चार दात दिसायला लागले. मी म्हटलं, दिवाळीला येऊन दुरुस्त करतो. मामी म्हणते राहू दे, पोरं हसतात पाहून. अजून ठरलं नाही.